एका कादंबरीकर्त्रीची उमेदवारी

वार्षिक अंकासाठीं लेख मागविल्याची सूचना फलकावर लागली कीं आम्हांस दोन प्रकारचीं उत्तरें ऐकावयास मिळतात. ज्यांस लिहावयाचें नसतें ते स्पष्टपणें तसें सांगतात, आणि त्यांच्याविषयीं आमचें कांहीं म्हणणें नाहीं. परंतु ज्यांस मनांतून लिहावयाचें असतें त्यांचें उत्तर ठरलेलें : "वेळ मिळाला नाहीं." परीक्षा होती, घरीं पाहुणे होते, धाकट्या भावास गोंवर आला होता. हीं कारणें खोटीं नसतात. गोंवर आलेल्या भावाच्या उशाशीं बसून निबंध लिहावा असें आम्ही कोणास सांगणार नाहीं. तथापि वेळ म्हणजे कोणी तरी आपल्या ताटांत वाढावयाचा पदार्थ आहे, अशी जी समजूत या उत्तरामागें दिसते, तिच्याविषयीं चार शब्द लिहावे असें पुष्कळ दिवस मनांत होतें. आणि तो विचार आला कीं आम्हांस एका अमेरिकन बाईंची आठवण होते.

टोनी मॉरिसन हें त्यांचें नांव. १९९३ सालीं त्यांस साहित्याचें नोबेल पारितोषिक मिळालें. हा मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री होत. २०१९ च्या ऑगस्ट महिन्यांत त्या वारल्या. त्यांच्या कीर्तीच्या काळाविषयीं पुष्कळांनीं पुष्कळ लिहिलें आहे. आम्हांस मात्र त्यांच्या आयुष्याचा आधींचाच भाग अधिक जवळचा वाटतो. त्या काळीं त्यांचें नांव कोणास ठाऊक नव्हतें. दिवसभर नोकरी करावी, घरीं यावें, मुलांस जेवूं घालून निजवावें, आणि मग कागद पुढें ओढावा, असा त्यांचा क्रम होता.

अमेरिकेच्या उत्तर भागांत ईरी नांवाचें मोठें सरोवर आहे. त्याच्या कांठीं, ओहायो संस्थानांत, लोरेन हें पोलादाच्या कारखान्यांचें व जहाजें बांधण्याच्या गोदीचें गांव. तेथें १८ फेब्रुवारी १९३१ रोजीं क्लोई वोफर्ड ही मुलगी जन्मास आली. टोनी हें नांव पुढें कॉलेजांत पडलें. बाप जॉर्ज वोफर्ड जॉर्जिया संस्थानांतून आलेला, आई रामा अलाबामाकडची. दक्षिणेकडील त्या संस्थानांत काळ्या माणसाच्या जिवाची त्या काळीं काय किंमत होती हें त्या घराण्यांस चांगलें ठाऊक होतें, आणि म्हणूनच त्यांनीं उत्तरेची वाट धरली. पण दारिद्र्य पाठ सोडीना. क्लोई दोनएक वर्षांची असतां घरभाडें थकलें. भाडें तें किती? महिना चार डॉलर. घरमालकानें, माणसें आंत असतांनाच, घरास आग लावली! मॉरिसनबाई ही हकीकत सांगत तेव्हां असें सांगत कीं, आईबाप त्यावर रडत बसले नाहींत, हंसले. चार डॉलरांसाठीं जो माणूस आपलेंच घर पेटवून देतो, त्याच्यावर रागावण्यांत आपला दिवस काय म्हणून घालवावा? हें हंसणें आम्हांस प्रथम वाचतांना चमत्कारिक वाटलें. पुढें त्यांच्या कादंबऱ्या वाचल्या, तेव्हां त्यांतील माणसें भलत्याच ठिकाणीं कां हंसतात याचा उलगडा झाला.

बाप गोदींत वेल्डिंगचें काम करी, आणि घर चालावें म्हणून एकाच वेळीं तीन तीन ठिकाणीं राबे. एके दिवशीं त्यानें घरीं येऊन मोठ्या समाधानानें सांगितलें कीं, आज जहाजाचा एक सांधा इतका निर्दोष साधला कीं आपण त्यावर आपलें नांव कोरून ठेवलें. मुलगी म्हणाली, परंतु तो सांधा तर झांकला जाणार. तें नांव कोणास दिसणार? त्यावर बाप म्हणाला कीं, तें तेथें आहे हें मला ठाऊक असेल ना.

ही मुलगी बारातेरा वर्षांची असतां शाळा सुटल्यावर एका गोऱ्या बाईच्या घरीं झाडलोट करावयास जाई. आठवड्यास दोन डॉलर मिळत. त्यांतील एक ती आईस देई, आणि तो घरखर्चास लागतो याचा तिला मोठा अभिमान वाटे. हळूहळू काम वाढत चाललें व बोलणींहि बसूं लागलीं. तिनें बापाजवळ गाऱ्हाणें केलें. आम्ही बाप असतों तर एक तर म्हटलें असतें, सोड तें काम. नाहीं तर म्हटलें असतें, सोस थोडें. जॉर्ज वोफर्डनें दोन्ही म्हटलें नाहीं. त्यानें तिला एवढेंच समजावून दिलें कीं, तूं त्या घरांत राहत नाहींस. तूं येथें, आपल्या माणसांत राहतेस. जा, काम कर, पैसे घे आणि घरीं ये. ही आठवण बाईंनीं आपल्या उतारवयांत, २०१७ सालीं, लिहून काढली. म्हणजे बापाचें तें बोलणें त्यांनीं सत्तरांहून अधिक वर्षें जपून ठेविलें होतें. आमच्या पालकवर्गांतील किती जणांचें एखादें वाक्य इतकें टिकेल, हा विचार आमच्या मनांत आल्यावांचून राहिला नाहीं. आणि शिक्षकांचेंहि, हें ओघानें आलेंच.

वाचनाचें वेड घरचेंच. क्लोई पहिल्या इयत्तेंत गेली तेव्हां तिला वाचतां येत होतें. थोडी मोठी झाल्यावर गांवच्या सार्वजनिक वाचनालयांत परत आलेलीं पुस्तकें फळीवर लावण्याचें काम तिला मिळालें. पण पुस्तक लावतां लावतां ती तेथेंच वाचावयास लागे, आणि काम मागें पडे. आज त्याच वाचनालयांत तिच्या नांवाची एक वाचनाची खोली आहे.

पुढील पंधरा वर्षांचा वृत्तांत थोडक्यांत आटोपतों. १९४९ सालीं ती वॉशिंग्टन येथील हॉवर्ड विद्यापीठांत गेली. तेथें 'क्लोई' हा उच्चार पुष्कळांस साधेना. बाराव्या वर्षीं कॅथॉलिक पंथांत जातांना तिला अँथनी हें नांव मिळालें होतें. त्यावरून 'टोनी' झालें. १९५३ सालीं ती बी. ए. झाली, १९५५ सालीं कॉर्नेल विद्यापीठाची एम. ए. झाली. तिच्या प्रबंधाचा विषय व्हर्जिनिया वुल्फ व विल्यम फॉकनर यांच्या लेखनांतील एकाकी माणसें हा होता. नंतर दोन वर्षें टेक्सस संस्थानांत ह्यूस्टन येथें व सात वर्षें पुन्हां हॉवर्ड येथें अध्यापन. १९५८ सालीं हॅरल्ड मॉरिसन या जमैकाच्या वास्तुशिल्पज्ञाशीं विवाह. १९६४ सालीं तो मोडला. दोन मुलगे झाले, त्यांपैकीं दुसरा त्याच सुमारास. या सर्व काळांत लेखिका व्हावें असें बाईंच्या मनांतहि नव्हतें. त्यांस वाचावयाचें होतें, व वाचलेलें शिकवावयाचें होतें.

मग लेखन सुरू झालें कसें? हॉवर्ड येथें असतां कांहीं लेखकमंडळी महिन्यांतून केव्हां तरी एकत्र जमत. प्रत्येकानें आपलें कांहीं लिहिलेलें घेऊन यावें व वाचून दाखवावें, असा नियम होता. मॉरिसनबाई तेथें जात. कारण, त्याच हंसत सांगत त्याप्रमाणें, तेथें जेवण फार चांगलें मिळे! (साहित्यसेवेचीं इतर कारणें आम्हीं ऐकलीं आहेत, इतकें प्रामाणिक क्वचितच.) प्रथम त्यांनीं शाळा-कॉलेजांतील जुने कागद नेले. ते संपले. मंडळींनीं सांगितलें कीं, जुनें आणावयाचें नाहीं, नवें आणा. जेवण तर सोडवेना. तेव्हां त्यांनीं एका दिवसांत घाईघाईनें एक लहानशी गोष्ट लिहून नेली. ती गोष्ट होती निळ्या डोळ्यांची इच्छा करणाऱ्या एका काळ्या मुलीची.

ती मुलगी कल्पनेंतली नव्हती. लोरेनच्या प्राथमिक शाळेंत क्लोईची एक मैत्रीण होती. एके दिवशीं दोघी बोलत असतां ती मैत्रीण म्हणाली कीं, देव नाहीं. कां? तर आपण त्याच्याजवळ निळे डोळे मागत आलों, रोज मागितले, आणि त्यानें दिले नाहींत. क्लोईनें तिच्याकडे पाहिलें. त्या तोंडावर निळे डोळे कसे दिसतील तें मनाशीं आणलें, आणि तिच्या अंगावर शहारा आला. तिला मैत्रिणीची कींव आली नाहीं, राग आला. वरवर सहानुभूति दाखविली, पण आंतून राग. तो राग कशाचा हें त्या वयांत कळण्यासारखें नव्हतें. वीस वर्षें तो तसाच मनांत पडून राहिला. इतकी सुंदर मुलगी स्वतःस इतकी कुरूप समजते तर तिला हें शिकविलें कोणीं, असा तो प्रश्न होता. आणि याचें उत्तर देणारें पुस्तक बाईंस कोणत्याहि ग्रंथालयांत सांपडलें नाहीं. जें वाचावयाची आपणांस इच्छा आहे आणि जें कोणीं लिहिलेलें नाहीं, तें आपणच लिहिलें पाहिजे, असें त्यांस हळूहळू वाटूं लागलें.

येथें आमच्याच शाळेंतील एक हकीकत सांगितल्यावांचून आम्हांस पुढें जातां येत नाहीं. गेल्या वर्षीं नववीच्या एका तुकडीस आम्हीं निबंधाचा विषय दिला होता : 'देव प्रसन्न झाला तर.' बहुतेकांनीं विमान, क्रिकेटची बॅट, आजोबांच्या दुखण्यास उतार, पाऊस असे वर मागितले. एका मुलीच्या वहींत पहिली ओळ होती : माझा रंग ताईसारखा कर. दुसऱ्या ओळींत कारण दिलें होतें : ताईला पाहावयास पाहुणे आले तेव्हां मला स्वयंपाकघरांत बसविलें होतें. संपलें. खालीं सारें पान कोरें.

ती वही तीन दिवस आमच्या मेजावर होती. शुद्धलेखनाची एकहि चूक नसल्यामुळें तांबड्या शाईस तेथें काम नव्हतें. आम्ही पालकांस उपदेश करूं इच्छीत नाहीं. आपण सर्व एकाच समाजांत राहतों, आणि वर्तमानपत्रांतील 'वधू पाहिजे' हें सदर आम्हीहि वाचतों. त्यांत 'गोरी' हा शब्द किती ठिकाणीं येतो तें मोजण्यास पाटी-पेन्सिल लागत नाहीं. चौथ्या दिवशीं आम्हीं वर्गास, कोणाचें नांव न घेतां, लोरेनच्या त्या दोन मुलींची गोष्ट सांगितली. वर्ग नेहमींप्रमाणें चुळबुळत होता. घंटा होण्याच्या सुमारास त्याच मुलीनें हात वर केला. "बाई, मग त्या मुलीला निळे डोळे मिळाले का?"

उत्तर कठीण होतें. खऱ्या मैत्रिणीचें पुढें काय झालें तें बाईंनीं कोठें सांगितल्याचें आमच्या वाचनांत नाहीं. परंतु त्या लहानशा गोष्टीची जी कादंबरी झाली, तींतील पिकोला या मुलीस शेवटीं निळे डोळे मिळतात. म्हणजे तिला तसें वाटूं लागतें. तिच्यावर इतके आघात होतात कीं तिची बुद्धि ठिकाणावर राहत नाहीं, आणि मग आरशांत पाहून ती म्हणते कीं आपले डोळे सर्वांत निळे आहेत. आम्हीं तसेंच सांगितलें. मुलींचा वर्ग इतका शांत झालेला आम्हीं क्वचितच पाहिला आहे.

वही परत देतांना त्या कोऱ्या पानावर आम्हीं 'पुढें लिही' एवढेंच लिहिलें. तिनें लिहिलें, सात पानें लिहिलीं. आम्हांस तीं या अंकांत घ्यावयाचीं होतीं. ती नको म्हणाली, आणि तो तिचा अधिकार आहे.

आतां ती लहानशी गोष्ट कादंबरी कशी झाली तें सांगतों. १९६५ च्या सुमारास मॉरिसनबाई न्यूयॉर्क संस्थानांतील सिरॅक्यूज या शहरीं आल्या. रँडम हाउस या प्रकाशनसंस्थेची शालेय पुस्तकांची एक शाखा तेथें होती. तींत त्यांस संपादिकेची नोकरी मिळाली. परकें गांव, जिवाभावाचें माणूस कोणी नाहीं, एक मूल तीन-चार वर्षांचें, एक तान्हें. दिवसा शाळेच्या पुस्तकांचीं हस्तलिखितें तपासावीं, संध्याकाळीं घर, मुलें निजलीं म्हणजे ती जुनी गोष्ट बाहेर काढावी. एकटेपणा घालविण्यासाठीं आपण लिहूं लागलों, असें त्या म्हणत. एकदां लिहीत असतां मांडीवरचें मूल कागदावरच ओकलें. बाईंनीं काय करावें? त्यांनीं त्या ओल्या डागाच्या कडेकडेनें तें वाक्य पुरें केलें. डाग केव्हांहि पुसतां येईल. वाक्य गेलें तर पुन्हां येईलच असें नाहीं!

पुढें पुढें रात्रीऐवजीं पहांटेची वेळ त्यांस अधिक मानवूं लागली. पांच वाजतां उठावें, मुलांनीं 'आई' म्हणून हांक मारण्यापूर्वीं जेवढें होईल तेवढें लिहावें. मुलें मोठीं झालीं तरी ती संवय राहिली. अंधार असतांनाच उठून कॉफी करावयाची, आणि उजेड येतांना पाहत बसावयाचें, हा त्यांचा नेम झाला. दुसरी एक गोष्ट आम्हांस याहून महत्त्वाची वाटते. कागद पुढें घेऊन विचार करीत बसण्याची चैन त्यांस परवडत नसे. विचार आधींच होऊन गेलेला असे : कामावर जातांना मोटार चालवितांना, भुयारी गाडींत, घरासमोरचें गवत कापतांना. पेन हातीं येई तेव्हां वाक्य वाटच पाहत असे. आमच्या घराघरांतील आया कणीक मळतांना उद्यांचा सारा संसार मनांत मांडून ठेवतात, त्यांस हें नवें वाटणार नाहीं.

या नोकरीचा आणि त्या कादंबरीचा एक संबंध आमच्या शिक्षकी डोळ्यांस फार मौजेचा वाटला. अमेरिकेंत त्या काळीं लहान मुलांस वाचावयास शिकविण्यासाठीं डिक आणि जेन या भावंडांचीं पुस्तकें असत. सुंदर घर, हंसरे आईबाप, कुत्रें, मांजर, सगळें कसें नीटनेटकें. आणि सगळीं माणसें गोरीं. मॉरिसनबाईंनीं कादंबरीच्या आरंभीं तसलाच एक धडा घातला आहे. प्रथम तो बरोबर छापलेला आहे. मग तोच धडा पुन्हां, विरामचिन्हें काढून. मग तिसऱ्यांदा, दोन शब्दांमधील जागाहि काढून. सगळीं अक्षरें एकमेकांवर आदळतात, आणि सुखी घराचें तें वर्णन वाचतांना श्वास कोंडतो. दिवसा शाळेचीं पुस्तकें नीट करणाऱ्या बाईंनींच रात्रीं शाळेच्या पुस्तकाचें असें केलें! शाळेच्या धड्यांत ज्या मुलीस आपल्यासारखें कोणी कधीं भेटलें नाहीं, तिला तो धडा कसा वाचतां आला असेल, हें यापेक्षां थोडक्यांत कोणीं सांगितल्याचें आम्हांस ठाऊक नाहीं.

कादंबरींतील गोष्ट सांगते ती क्लॉडिया नांवाची नऊ वर्षांची मुलगी. तिला नाताळांत निळ्या डोळ्यांची गोरी बाहुली भेट मिळते. सर्वांची अपेक्षा कीं ती आनंदानें नाचेल. ती बाहुलीचे हातपाय उपटून आंत काय आहे तें पाहते. मोठीं माणसें रागावतात. क्लॉडिया व तिची बहीण झेंडूचें बीं पेरतात, तें त्या वर्षीं उगवत नाहीं. वर्ष १९४१, गांव लोरेनच. या पुस्तकांत एका बालिकेवर तिच्याच घरांत झालेल्या अत्याचाराचाहि भाग आहे. त्यामुळें तें लहान मुलांच्या हातीं देण्याचें नाहीं, आणि अमेरिकेंत कित्येक शाळांच्या ग्रंथालयांतून तें काढावें अशी मागणी वारंवार झालेली आहे. मोठेपणीं मात्र अवश्य वाचावें.

कादंबरी पुरी होईपर्यंत बाई रँडम हाउसच्या न्यूयॉर्क शहरांतील मुख्य कचेरींत संपादिका झाल्या होत्या. हस्तलिखित अनेक प्रकाशकांकडून परत आलें. अखेर होल्ट, राइनहार्ट आणि विन्स्टन या दुसऱ्याच संस्थेनें १९७० सालीं तें 'द ब्लूएस्ट आय' या नांवानें प्रसिद्ध केलें. लेखिकेचें वय त्या वेळीं एकोणचाळीस. आपल्या कचेरींत त्यांनीं याविषयीं चकार शब्द काढला नव्हता. न्यूयॉर्क टाइम्समध्यें परीक्षण आलें तेव्हां बरोबरीच्या मंडळींस कळलें कीं आपल्या बाईंनीं पुस्तक लिहिलें आहे. मुखपृष्ठावरील नांवाची हळहळ मात्र त्यांस जन्मभर राहिली. पुस्तक 'टोनी मॉरिसन' या नांवानें निघालें : टोनी हें कॉलेजांतील टोपणनांव, मॉरिसन हें मोडलेल्या विवाहाचें. क्लोई वोफर्ड हें आपलें खरें नांव तेथें हवें होतें असें त्यांनीं कळविलें, पण तोंवर फार उशीर झाला होता. सांध्यावर नांव कोरणाऱ्या बापाच्या मुलीस हें किती लागलें असेल!

पुस्तकास कांहीं परीक्षकांनीं मान दिला. खप बेताचाच झाला. बाईंनीं नोकरी सोडली नाहीं. १९७३ सालीं दोन मैत्रिणींची कथा सांगणारी 'सुला' ही दुसरी कादंबरी आली. तोंपर्यंत संपादिका म्हणूनहि त्यांनीं मोठें काम चालविलें होतें. टोनी केड बंबारा व गेल जोन्स या नव्या कृष्णवर्णीय लेखिकांचीं पुस्तकें त्यांनीं काढलीं. अँजेला डेव्हिस व मुष्टियोद्धा मुहंमद अली यांचीं आत्मचरित्रेंहि त्यांच्याच हाताखालून गेलीं. दुसऱ्यांच्या पुस्तकांसाठीं इतका वेळ देणाऱ्या लेखकाचें स्वतःचें लेखन बुडतें असें म्हणतात. त्यांच्या बाबतींत उलट झालें. १९७४ सालीं त्यांनीं 'द ब्लॅक बुक' नांवाचा एक विलक्षण संग्रह सिद्ध करविला. अमेरिकेंतील काळ्या लोकांच्या तीन शतकांच्या जीवनाचीं चित्रें, जाहिराती, कात्रणें, पत्रें, गाणीं असें सर्व कांहीं त्यांत भरलेलें होतें. त्या ढिगांत एक जुनें कात्रण होतें. मार्गारेट गार्नर नांवाची गुलाम स्त्री १८५६ सालीं मुलाबाळांसह केंटकीहून ओहायोंत पळून आली. पकडणारे दाराशीं आले तेव्हां लेकीस पुन्हां गुलामगिरींत जाऊं न देण्यासाठीं तिनें स्वतःच्या हातानें तिचा अंत केला. कात्रण पुस्तकांत छापून झालें, तें बाईंच्या डोक्यांतून मात्र जाईना.

मध्यंतरीं वडील वारले. वडिलांच्या मागें त्यांनीं जी कादंबरी लिहिली तींत प्रथमच मुख्य पात्र पुरुष होतें. पुरुषांचें मन कसें चालतें हें आपणांस काय ठाऊक, असें वाटून लेखन अडलें असतां त्या मनांतल्या मनांत वडिलांनाच विचारीत, आणि मग वाट सांपडे, असें त्यांनीं लिहून ठेविलें आहे. १९७७ सालीं ती 'साँग ऑफ सॉलोमन' प्रसिद्ध झाली. अर्पणपत्रिका वडिलांस आहे. या पुस्तकास राष्ट्रीय ग्रंथसमीक्षक मंडळाचें पारितोषिक मिळालें; त्यांच्या कादंबरीस मिळालेला हा पहिला मोठा मान. निळ्या डोळ्यांची गोष्ट जेवणाच्या लोभानें लिहून नेली, त्यास त्या वेळीं पंधरा वर्षें होत आलीं होतीं.

तरीहि नोकरी चालूच होती. ती सुटली १९८३ सालीं. मुलें मोठीं झालीं होतीं, बाई बावन्न वर्षांच्या होत्या. हडसन नदीच्या कांठीं त्यांचें घर होतें व पुढें पाण्यांत गेलेला एक लहानसा धक्का होता. नोकरी सुटल्यावर थोड्याच दिवसांनीं त्या धक्क्यावर बसल्या असतां त्यांस एकाएकीं अस्वस्थ वाटूं लागलें. छाती धडधडूं लागली. काय विसरलें, काय राहिलें, कोणाचें काय दुखतें आहे, हें त्यांनीं आठवून पाहिलें, कांहींच सांपडेना. घरांत जाऊन विचार करतां करतां त्यांच्या ध्यानांत आलें कीं, ही भीति नव्हे, हा आनंद आहे. आपण मोकळ्या झालों आहों. इतक्या वर्षांत हा आनंद ओळखीचाच राहिला नव्हता!

मग मोकळें असणें म्हणजे स्त्रीच्या बाबतींत काय, असा विचार मनांत आला. त्याबरोबर तें कात्रण आणि ती मार्गारेट गार्नर. त्या ओसरीवर झोपाळ्यावर बसून नदीकडे पाहत होत्या. आणि त्यांस दिसलें कीं एक स्त्री पाण्यांतून वर आली, कांठचे मोठाले दगड चढली, आणि समोर येऊन टेकून उभी राहिली. तिच्या डोक्यावर एक चांगलीशी टोपी होती.